चवदार तळ्याचा दावा



‘कायदा, न्यायालये आणि नागरी हक्क’ हा विषय चालकांनी आमच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांच्या मनात अमेरिका होती, हे उघड आहे. नागरी हक्क म्हटले की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे मार्टिन ल्यूथर किंग उभे राहतात, वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय उभे राहते, १९५४ चा शाळांचा निकाल आठवतो. यात वावगे काही नाही. परंतु ज्या ठाणे शहरात आपण आज बसलो आहोत, त्याच शहराच्या न्यायालयात १९३३ साली एका तळ्याच्या पाण्याबद्दलचे अपील फेटाळले गेले. ते अपील कोणी केले, कोणाविरुद्ध केले आणि त्यात मागणी काय होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून आम्ही असे ठरवले की अमेरिकेला जायचे ते महाडवरून जायचे. खोपटच्या एस.टी. स्थानकावरून निघालेला माणूस पनवेल, पेण, माणगाव करीत अर्ध्या दिवसात महाडला पोहोचतो. आपल्याला मात्र थोडे मागून, म्हणजे १८५६ सालापासून निघावे लागेल.

त्या वर्षी धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायची तयारी असूनही सरकारी शाळेत आपल्याला घेत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. सरकारने अर्ज वाचला, विचार केला, आणि ठराव केला. त्याचा मथितार्थ असा, की न्यायाच्या दृष्टीने पाहता मुलाची बाजू खरी आहे. पण एका मुलाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. सबब शतकानुशतकांचे ग्रह सरकारला एकदम मोडता येत नाहीत. हक्क आहे म्हणायचे आणि दार मात्र लावून घ्यायचे, असा हा प्रकार. पुढे १८५८ मध्ये विलायतेहून आणि मुंबईहून, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे जाहीर झाले. कागदावर शाळा उघडल्या. त्या मुलाचे काय झाले हे इतिहासाने नोंदवले नाही.

धारवाडचा ठराव झाल्याला वर्ष होण्याच्या आत, मार्च १८५७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या दाव्यात निकाल दिला, की कृष्णवर्णीय माणूस हा त्या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. मग नागरिक म्हणून कोर्टात दावा तो काय लावणार? आम्ही या दोन गोष्टी शेजारी ठेवतो त्या एवढ्यासाठी, की ‘कोर्ट’ आणि ‘सरकार’ या शब्दांनीच ज्यांना न्यायाचा भरवसा वाटतो त्यांनी थोडे थांबावे. न्यायालयाने दार उघडले अशी उदाहरणे आपण पुढे पाहणार आहोत. न्यायालयाने दाराला आणखी एक कडी लावली, अशीही उदाहरणे कमी नाहीत.

आता १९२३ कडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. रावबहादूर बोले यांचे नाव आजच्या पिढीला फारसे माहीत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. ठराव असा होता, की सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे हुकूम सोडले. ठरावातील कळीचा शब्द लक्षात घ्या : ‘सार्वजनिक पैसा’. बोल्यांनी धर्माचा वाद काढला नाही, शास्त्राचा आधार शोधला नाही. ज्या विहिरीला सर्वांच्या कराचा पैसा लागला आहे ती सर्वांची, इतका सरळ हिशेब त्यांनी मांडला. व्यापाऱ्यालाही कळेल असा तो हिशेब होता.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ठराव झाला, तळ्यावर मात्र कोणी गेले नाही. तळ्याभोवती चहूबाजूंनी रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे, काही घरांचे घाट थेट पाण्यात उतरलेले; अस्पृश्यांचे एकही घर आसपास नाही. पालिकेच्या वहीतला ठराव हातात घेऊन त्या घाटांवरून एकट्याने पाण्यात उतरण्याची छाती कोणाची होती? शिवाय मुसलमान तेथे पाणी भरत होते, म्हणजे अडचण धर्माची होती असेही म्हणता येत नाही.

तीन वर्षे असेच गेले. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे त्याच भागातले तरुण कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ही बाब आम्हाला सगळ्या भाषणांपेक्षा बोलकी वाटते. ज्या गावात नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव करून ठेवला आहे, त्याच गावात पाणी विकत! दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, परिषदेचे काम संपत आले असता अनंत विनायक चित्रे यांनी सुचवले की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावे. मिरवणूक निघाली, शांतपणे तळ्यावर गेली, बाबासाहेब पाण्यात उतरले, ओंजळ घेतली, आणि त्यांच्यामागून इतरांनी.

पुढचे आपण जाणता. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. परत फिरलेल्या लोकांवर मंडपात आणि रस्त्यांवर हल्ला झाला, माणसे जखमी झाली. नंतर पंचगव्य घालून घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला चार वर्षे पुरी झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला.

ही मागे घेण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ठरावाने दिलेला हक्क ठरावाने परत घेता येतो. अमेरिकेतही हे घडले आहे, आणि तेथे ते न्यायालयानेच घडवले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात अशी तरतूद होती की पूर्वी ज्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवले, त्यांना निवडणुकीच्या नियमांत बदल करण्यापूर्वी वॉशिंग्टनची संमती घ्यावी लागेल. कोणत्या राज्यांना ही अट लागू, हे ज्या सूत्राने ठरत असे ते सूत्रच तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केले, आणि अट कागदावर राहूनही निकामी झाली. मिळालेला हक्क हा वडिलोपार्जित जमिनीसारखा आपोआप वारसाने चालत येतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी सातबाराचा उतारा मधूनमधून काढून पाहावा, तसे हे आहे.

असो. महाडला दुसऱ्यांदा जायचे ठरले. २५ डिसेंबर १९२७ ही तारीख जाहीर झाली. या वेळी उघड सत्याग्रह करायचा होता. हजारोंनी नावे नोंदवली होती. गावात परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. आणि मग सत्याग्रहाच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी नरहरी दामोदर वैद्य आणि इतर, प्रतिवादी डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर आणि इतर. दावा प्रातिनिधिक स्वरूपाचा होता : वादी महाडच्या सवर्णांच्या वतीने, प्रतिवादी सर्व अस्पृश्यांच्या वतीने. मागणी अशी, की चवदार तळे हे सवर्णांच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये ही अनादि कालापासूनची वहिवाट आहे, तसा जाहीरनामा व्हावा आणि प्रतिवादींना कायमची मनाई व्हावी. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, न्यायाधीशांनी तात्पुरता मनाईहुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जाऊ नये.

येथे आम्हाला जरा थांबायचे आहे, कारण आमच्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत अवघड प्रसंग हाच. २० मार्चची ओंजळ चित्रांत आणि पुतळ्यांत आली. डिसेंबरमधली न घेतलेली ओंजळ कोणी चितारत नाही.

विचार करा. हजारो माणसे दूरदूरच्या गावांतून भाकऱ्या बांधून आलेली आहेत. मार्चमध्ये त्यांच्यातल्या कित्येकांनी मार खाल्ला आहे. तुरुंगात जायची तयारी करून ती आली आहेत. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले आहे; तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. वातावरण तापलेले आहे. आणि पुढाऱ्याच्या हातात कोर्टाचा कागद आहे, त्यात लिहिले आहे की जाऊ नका. परिषदेत चर्चा झाली तेव्हा बहुतेकांचे मत सत्याग्रह करावा असेच होते. कलेक्टर येऊन बोलले, की दावा न्यायप्रविष्ट आहे, निकालापर्यंत थांबा. रात्रभर खल झाला. शेवटी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि परिषदेने तो मानला. २७ डिसेंबरला मिरवणूक निघाली, तळ्याच्या कडेने वळसा घालून गेली, आणि पाण्याला हात न लावता परत आली.

हे भ्याडपण होते काय? त्या वेळी असे म्हणणारे होते, आजही सापडतात. आम्हाला तसे वाटत नाही. आतापर्यंत सरकारचा हुकूम अस्पृश्यांच्या बाजूचा होता आणि विरोधात होते गावातले सवर्ण. मनाईहुकूम मोडला असता तर पोलीस, कलेक्टर आणि कोर्ट हे तिघेही एका क्षणात दुसऱ्या बाजूला गेले असते. शिवाय प्रतिवादी क्रमांक एक हे स्वतः बॅरिस्टर होते. दावा जिंकण्याजोगा आहे की नाही, हे त्यांना गावातल्या इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होते.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहण्यासाठी आता खरोखरच अमेरिकेला जायला हवे. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी किंग यांच्यापुढे अगदी हाच कागद आला. राज्याच्या कोर्टाने मिरवणुका काढायला मनाई केली. किंग यांनी तो मनाईहुकूम मोडला, गुड फ्रायडेच्या दिवशी मिरवणूक काढली, आणि ते तुरुंगात गेले. त्या अटकेने देश ढवळून निघाला आणि पुढच्या वर्षी, जुलै १९६४ मध्ये, नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला. म्हणजे मोडून मिळाले, असे वाटेल. परंतु कोर्टाने ते विसरले नाही. १९६७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले, की मनाईहुकूम चुकीचा असला तरी तो आधी कोर्टातून रद्द करून घ्यायला हवा होता. आपणच न्यायाधीश होऊन तो मोडता येत नाही. नोबेल पारितोषिक मिळालेल्या त्या माणसाला त्यासाठी पुन्हा बर्मिंगहॅमच्या तुरुंगात जावे लागले.

दोघांत बरोबर कोण, असा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणी विचारील. किंग यांच्या पाठीमागे १८६८ ची घटनादुरुस्ती होती, समान संरक्षणाची हमी होती, १९५४ चा निकाल होता. खालच्या कोर्टाने अडवले तर वर दाद मागायला लिखित घटना होती. १९२७ च्या महाडमध्ये यातले काहीही नव्हते. कौन्सिलचा एक ठराव, सरकारचे एक परिपत्रक, आणि नगरपालिकेचा रद्द झालेला एक ठराव, एवढ्याच शिदोरीवर बाबासाहेब उभे होते. ज्याच्या पाठीशी मूलभूत हक्क नाही, त्याने कोर्टाशी वैर करणे म्हणजे एकुलत्या एका होडीला भोक पाडणे. आमचा कौल महाडच्या निर्णयाकडे आहे. पण किंग चुकले असे म्हणायला आमची जीभ वळत नाही.

तात्पुरता मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी तो फेटाळला. वादी अपिलात आले, आणि महाडचे अपील त्या काळी ठाण्याला येत असे. येथील असिस्टंट जज्जांनी जानेवारी १९३३ मध्ये खालचा निकाल कायम केला. वादी आणखी वर, मुंबईच्या हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी ते दुय्यम अपीलही फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेस महात्माजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश. एकाच माणसाच्या हातून इतिहासाने दोन कामे करून घेतली.

दावा लागला तेव्हापासून निकाल लागेपर्यंत सव्वानऊ वर्षे गेली. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, आणि निकालाच्या महिनाभर आधी बाबासाहेब मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. तळ्याचे पाणी मात्र कोर्टाच्या वेगाने चालले होते.

आता निकाल कशावर लागला ते पाहू, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. पुष्कळांची समजूत अशी, की हायकोर्टाने अस्पृश्यता अन्यायाची ठरवली. तसे काही झालेले नाही. सर्व माणसे समान आहेत, असे एक अक्षर त्या निकालाचा आधार म्हणून आलेले नाही. प्रश्न होता तो वहिवाटीचा.

वहिवाट हा शब्द कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. बांधावरून, पायवाटेवरून, आंब्याच्या झाडावरून ज्यांची दोन पिढ्यांची भांडणे चालली आहेत, त्यांना तो पाळण्यातच कळतो. कायद्याच्या दृष्टीने रूढी मानायची तर ती फार जुनी, अखंड आणि निश्चित असावी लागते, आणि जो ती सांगतो त्याने ती शाबीत करावी लागते. तळे आपल्या मालकीचे आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. ते नगरपालिकेचे ठरले. उरली ती वहिवाट. कोर्टाने म्हटले, तळे निदान अडीचशे वर्षांचे आहे, ते कोणी आणि कसे केले याचा पुरावा नाही. अलीकडच्या काळात अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते हे खरे. पण जवळपास घर नसलेला माणूस एखाद्या तळ्यावर येत नव्हता, एवढ्यावरून त्याला अनादि कालापासून हक्काने मज्जाव होता असे कसे म्हणावे? न येणे वेगळे आणि येऊ न देण्याचा हक्क असणे वेगळे. वादींनी अनादि वहिवाट शाबीत केलेली नाही, सबब अपील फेटाळले.

आणि पुढे कोर्टाने एक वाक्य असे घातले आहे की ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याचा आशय असा : वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा कदाचित विचार करावा लागला असता, पण तशी वेळ आली नाही. म्हणजे पुरावा चांगला असता तर काय झाले असते, हे दार हायकोर्टाने अर्धवट उघडे ठेवले. ही भीती काल्पनिक नव्हती. १९०८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रास इलाख्यातल्या कमुदीच्या देवळाच्या दाव्यात नाडर लोकांना मज्जाव करणारी रूढी मान्य केली होती. रूढी सिद्ध झाली, आणि नाडर हरले.

इतक्या बारीक धाग्यावर चवदार तळ्याचा विजय उभा होता! काहींना हे ऐकून हिरमुसल्यासारखे होईल. आम्हाला उलट वाटते. नागरी हक्कांच्या लढ्यात न्यायालये बहुधा अशाच आडवाटेने चालतात. १९६४ च्या अमेरिकन कायद्याने हॉटेले आणि खाणावळी सर्वांना खुल्या केल्या, तेव्हा अटलांटा शहरातल्या एका मोटेलच्या मालकाने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण कशाच्या आधारे? राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, आणि प्रवाशाला खोली नाकारली तर व्यापाराला अडथळा येतो, या आधारे. समतेच्या कलमाकडे वळायचे त्यांनी टाळले, कारण १८८३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले होते की ते कलम सरकारला बांधते, खाजगी खाणावळवाल्याला नाही. माणसाचा मान राखला गेला तो व्यापाराच्या कलमाने. महाडला तो राखला गेला पुराव्याच्या नियमाने.

परंतु महाडच्या निकालाने एक गोष्ट कायमची केली. ज्याला पाणी हवे त्याने आपला हक्क सिद्ध करावा, असे तोवर सगळे गृहीत धरून चालत. कोर्टाने ओझे उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले : जो अडवतो त्याने अडवण्याचा हक्क सिद्ध करावा. तळे सार्वजनिक आहे ना? मग तुम्ही का अडवता ते तुम्ही सांगा.

अर्धवट उघडे राहिलेले ते दार पुढे घटनेने बंद केले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. आज ते सतरावे कलम आहे. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते ही यादी आहे, आणि त्यापुढे ‘पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेली’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. हे वाचताना १९२३ च्या बोल्यांच्या ठरावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगायला नको. एका तळ्याच्या दाव्यातला प्रतिवादी क्रमांक एक, त्याच तळ्याचा प्रश्न देशाच्या घटनेत लिहीत होता. अमेरिकेकडे त्यांचे लक्ष होतेच. ते कोलंबियाचे विद्यार्थी. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. मात्र एका बाबतीत आपली घटना पुढे गेली. अमेरिकेचे कलम सरकारला बांधते. आपले सतरावे कलम शेजाऱ्यालाही बांधते. दुकानदार, घाटावरचा घरमालक, विहिरीवरचा माणूस, कोणीही असो, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा.

त्या गुन्ह्याची शिक्षा सांगणारा कायदा १९५५ मध्ये झाला. १९७६ मध्ये त्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ करण्यात आले आणि शिक्षा वाढवण्यात आल्या. त्यातले बारावे कलम वकिलांनी सोडून इतरांनी सहसा वाचलेले नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. महाडला जे ओझे हायकोर्टाने एका दाव्यापुरते फिरवले होते, ते संसदेने कायद्यात लिहून ठेवले.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला काय? कर्नाटकातल्या एका गावी सरकारने नवी बोअरवेल खोदली. दलित पाणी भरायला आले, तेव्हा त्यांना अस्पृश्य म्हणून धाक दाखवून अडवण्यात आले. लक्षात घ्या, बोअरवेल नवी होती. अनादि वहिवाट सांगायलाही तेथे जागा नव्हती. मॅजिस्ट्रेटने आरोपींना शिक्षा दिली, वरच्या न्यायाधीशाने ती कायम केली, आणि हायकोर्टाने आरोपींना निर्दोष सोडले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९२ मध्ये, अप्पा बाळू इंगळे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि के. रामस्वामी यांनी हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि खालची दोषसिद्धी पुन्हा कायम केली. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा होती एक महिना कैद आणि शंभर रुपये दंड. महाडच्या परिषदेने पाण्यासाठी चाळीस रुपये मोजले होते त्याला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, अनुसूचित जाती-जमातींचे लोक वापरतात ते पाणी घाण करणे आणि सार्वजनिक जागी जाण्याची त्यांची वाट अडवणे, हे स्वतंत्र गुन्हे केले आहेत. त्या कायद्याविषयी, आणि त्याखालचे खटले साक्षीदारांअभावी कसे ढासळतात याविषयी, पुष्कळ बोलण्यासारखे आहे. पण चालकांनी घड्याळ आमच्या समोरच ठेवले आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर श्रोत्यांनी आता प्रश्न विचारावेत.